पट्टी सोडण्याची वेळ

"बाई, डोळा लई ठणकायलाय," प्रयागबाई म्हणाल्या. सकाळचे सहा वाजले होते आणि मी खुर्चीवर चढून स्टेजमागचं झेंडूचं तोरण सरळ करत होते.

"थोडं दुखणारच, आजी. कालच तर ऑपरेशन झालंय."

"थोडं न्हाई. आतून कुणीतरी सुई खुपसायलंय आसं वाटायलंय."

मी खाली उतरले ते त्यांच्यासाठी नाही, तोरण लांबून कसं दिसतं ते बघायला. हे सांगायला मला आज लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही. प्रयागबाई घुगे हॉलमधल्या तिसऱ्या खाटेवर बसल्या होत्या. उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, हात मांडीत गच्च धरलेले. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकलेला, त्यामुळे त्यांना माणूस म्हणजे एक हलती सावली दिसायची. काल ऑपरेशनला जाताना त्यांनी मला सांगितलं होतं, की गोधडी शिवायला बसलं की सुईत दोरा ओवायला सुनेला हाका मारत बसावं लागतं, तेवढं एक सुटलं तरी पुष्कळ झालं.

जिंतूरच्या पुढे, येलदरीच्या वाटेवरच्या एका गावात आमचं शिबिर होतं. आमचं म्हणजे अच्युतकाका केळुसकरांचं. कोकणातल्या एका शाळेत गणित शिकवणारा हा माणूस चाळिशीत नोकरी सोडून लोकांना जगायला शिकवू लागला, आणि आमच्या वाहिनीने त्याला सकाळची बारा मिनिटं दिली. 'उजेडवाट' हे त्या कार्यक्रमाचं नाव. मी त्याची निर्माती. रोज साडेसहाला काका पडद्यावर यायचे आणि शेवटी हात जोडून म्हणायचे, "विश्वास पूर्ण, तर काम पूर्ण!" लोक चहा गार करून ते ऐकायचे. मग पुस्तकं आली, कॅसेटी आल्या, ट्रस्ट आला, आणि ट्रस्टने या गावात छोटा नेत्र-दवाखाना बांधला. ते काम खोटं नव्हतं. शेकडो म्हाताऱ्यांना त्याने फुकट दृष्टी दिली, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन.

शिबिराचा एक रिवाज होता. आदल्या दिवशी ऑपरेशनं व्हायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्वतः येऊन एकेकाची पट्टी सोडायचे. डोळा उघडला की समोर पहिला चेहरा काकांचा. पेशंट रडायचे, काका रडायचे, कॅमेरामन सुहास धुरी कॅमेऱ्यामागे नाक ओढायचा. त्या भागाला वर्षातले सगळ्यात जास्त प्रेक्षक मिळत. त्या दिवशी एक्केचाळीस पट्ट्या सुटायच्या होत्या. काका रात्रीच्या गाडीने परभणीला उतरून साडेआठपर्यंत पोचणार होते.

डॉ. तस्नीम काझी फेरीवर आली आणि प्रयागबाईंपाशी थबकली. मोठे सर्जन ऑपरेशनं उरकून रात्रीच गेले होते, मागे ही एकटी. शिक्षण संपवून तिला जेमतेम वर्ष झालं होतं. तिने पट्टीच्या खालून गालावर बोट टेकवलं, तशा प्रयागबाई केवढ्यांदा तरी कळवळल्या.

तिने मला बाजूला घेतलं. "हेमांगीताई, हिची पट्टी मला आत्ता उघडून बघायचीय."

"आत्ता? काका साडेआठला येतायत गं."

"इतकं दुखायला नको. आणि गाल सुजलाय."

"एक उघडली की चाळीस जण विचारतील, आमची का नाही. अडीच तासांचा तर प्रश्न आहे. काका आले की पहिली पट्टी हिचीच सोडू. तोवर गोळी दे ना काहीतरी."

ती माझ्याकडे बघत राहिली. ट्रस्टची पगारी डॉक्टर, वयाने लहान, आणि मी काकांचा उजवा हात समजली जाणारी बाई. "साडेआठ म्हणजे साडेआठ," ती म्हणाली आणि गोळी आणायला गेली.

सव्वासातला डॉक्टरांच्या खोलीतला फोन वाजला. काकांचा सेक्रेटरी भार्गव होता.

"हेमांगी, ऐक. काका काल गाडीत बसलेच नाहीत. न्यूज चॅनेलवर नऊ वाजता लाइव्ह मुलाखत मिळालीय. अख्खा तास! हिंदीत! मग सव्वाअकराचं विमान, औरंगाबादहून गाडी. तीनपर्यंत पोचतो."

"तीन? भार्गव, माणसं पट्ट्या बांधून बसलीयत इथे!"

"बसू देत की. जेवायला घाल त्यांना. भजनं लाव." त्याने फोन ठेवला.

 आणि मला सगळ्यात आधी काय सुचलं असेल? की तीन वाजता हॉलमध्ये पश्चिमेचं ऊन थेट येतं, लाइट बदलावे लागतील. माणूस कामात इतका बुडालेला असतो, की आपण बुडतोय हेही त्याला कळत नाही.

तस्नीम दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "मी सोडते पट्टी," एवढंच ती म्हणाली आणि हॉलकडे वळली. मी तिच्यामागे धावले, पण या वेळी तिला अडवणारं काही माझ्या तोंडून निघालं नाही. निघावंच लागलं नाही.

"आजी, मी डॉक्टर. तुमची पट्टी सोडते हं."

प्रयागबाईंनी दोन्ही हात पट्टीवर दाबून धरले. "काका आले का?"

"त्यांना उशीर होतोय. मी बघते ना तोवर."

"न्हाई बाई. काकाच्या हातानं सुटायची पट्टी. टीव्हीत सांगितलंय, पहिलं दर्शन काकाचं. दुसऱ्या कुणी सोडली आन् दिसलंच न्हाई तर?"

"आजी, दुखतंय ना? आत पू झाला असेल तर..."

"दुखू दे. चार वर्सं काढली, आता चार घटका काढीन."

शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "खरं हाय तिचं. आपला इस्वास पायजे." पलीकडून आणखी दोघीतिघींनी माना डोलवल्या. तस्नीमने पुन्हा हात पुढे केला, तशी म्हातारी खाटेवर मागे सरकून भिंतीला टेकली आणि लहान मुलासारखी रडायला लागली. रडू नका, रडल्याने टाक्याला त्रास होईल, असं सांगत तस्नीमला मागे यावं लागलं.

आणि मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू! पेशंटच नाही म्हणतेय, आता माझ्या हातात काय आहे, असं म्हणून मी मोकळी झाले.

ते मोकळेपण टिकलं दहा मिनिटं. तस्नीमने मला तिच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि आवाज न चढवता बोलली. 

"ताई, मी घाबरवायला सांगत नाहीये. मीच घाबरलेय. ऑपरेशननंतर डोळ्याच्या आत जंतू शिरले, तर काही जंतू तासातासाने डोळा खातात. सहाला उघडली असती तर मी सातला हिला औरंगाबादला धाडलं असतं. इथे मला डोळ्यात ते इंजेक्शन देता येत नाही. आता साडेसात झालेत. तीनपर्यंत थांबलो तर उघडून बघायला डोळा उरणार नाही."

"तू मला हे सहाला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

 मी फोनवर तुटून पडले. काका दोन शब्द बोलले असते तर म्हातारी क्षणात तयार झाली असती. पण काकांचा मोबाइल बंद होता. भार्गवचा लागेना. लागला तेव्हा तो म्हणाला, "मेकअपला बसलेत." पावणेनऊला म्हणाला, "स्टुडिओत गेलेत गं, आता मला आत सोडत नाहीत." मी ओरडले, की एका बाईचा डोळा जातोय. तो म्हणाला, "मग डॉक्टर कशाला ठेवलेत तिथे?" त्याचं चूक नव्हतं, म्हणून मी फोन ठेवला.

दरम्यान प्रयागबाईंना उलटी झाली. डोकं धरून त्या खाटेवर आडव्या झाल्या. मी त्यांच्यापाशी जाऊन बसले, समजावलं, पट्टी नाही तर निदान औरंगाबादला तरी चला म्हणून हातापाया पडले; काका आल्याबिगर इथून हलणार नाही, म्हणाल्या. मीच सांगते ना, काकांचा निरोप आहे, डॉक्टरांना पट्टी सोडू द्या. "निरोप कुणाजवळ धाडला?" त्यांनी विचारलं. फोनवर, मी म्हणाले. "मंग मला बोलू द्या फोनवर." मी अडकले.

नऊला कुणीतरी हॉलमधला टीव्ही लावला. पट्ट्या बांधलेली माणसं कान देऊन बसली. काकांचा तो ओळखीचा, गोड, थांबत थांबत बोलणारा आवाज हॉलभर पसरला. मुलाखत घेणारी बाई विचारत होती, की माणसाने सर्वात आधी काय शिकावं. काका म्हणाले, "दूसरे का दर्द सुनना। बस, इतना।"

आणि प्रयागबाई उठून बसल्या. "आले काका?"

"नाही आजी, टीव्हीवर बोलतायत," मी म्हणाले. आणि तेवढं म्हणताना मी सुहासकडे बघितलं. सुहासही माझ्याकडेच बघत होता.

"मागच्या शिबिराची टेप आहे ना तुझ्याकडे?" मी त्याला दाराशी गाठून विचारलं.

"आहे. पण हेमांगी, हे बरोबर नाही."

"मला माहितीये. आण."

पुढची वीस मिनिटं मी कशी वागले ते मला एखाद्या परक्या बाईबद्दल आठवावं तसं आठवतं. टीव्ही बंद करायला लावला. प्रयागबाईंना धरून डॉक्टरांच्या खोलीत आणलं, म्हटलं, टीव्हीवरचं ते आधीचं होतं, काका आलेत, पहिली पट्टी तुमची. त्यांनी पदर डोक्यावर नीट ओढून घेतला. सुहासने आपला जाकीटवाला अवतार टाकून कुणाचा तरी पांढरा सदरा चढवला, त्यांच्यासमोर स्टुलावर बसला आणि त्यांचे हात हातात घेतले. तस्नीमने घड्याळ काढलं, हातातली बांगडी काढली. आयुष्यात प्रथमच मी एका डॉक्टरला चोरासारखे हात धुताना बघितलं. मी ती टेप घातलेला कॅमेरा सुहासच्या डोक्यामागे धरला आणि टेप वाजवायचं बटण दाबलं.

"माउली, घाबरू नका," काकांचा आवाज आला. "मी आहे ना समोर. आता डोळा हळूच उघडा. जग तुमची वाट बघतंय."

प्रयागबाईंचे हात सैल पडले. तस्नीमने पट्टी सोडली.

मी डोळ्याकडे बघितलं आणि दुसरीकडे मान वळवली. काळं बुबुळ असायला हवं तिथे पिवळट पांढरं काहीतरी साकळलं होतं. तस्नीमने टॉर्च धरली, खाली घेतली, पुन्हा धरली. 

प्रयागबाई मान इकडेतिकडे करत होत्या. "काका," त्या हळूच म्हणाल्या, "तुमी दिसनात बगा मला."

सुहासने त्यांचे हात घट्ट दाबले. त्याला बोलता येत नव्हतं, बोलला असता तर आवाज कळला असता. टेपवर पुढे काही नव्हतं.

"कायच दिसना," त्या म्हणाल्या. मग सुहासच्या हातांवर कपाळ टेकवून म्हणाल्या, "रागावू नका. माझाच इस्वास कमी पडला आसंल."

त्या क्षणी तरी मी बोलायला हवं होतं. मी जीप बोलवायला बाहेर पळाले.

दहाला पाच कमी असताना तस्नीम त्यांना घेऊन औरंगाबादला निघाली. चाळीस जणांना मी सांगितलं, की आजींना ताप आलाय. मग फरशी पुसून घेतली, उलटीची चादर भिजत टाकली, आणि लाइटची जागा बदलली. हो, बदलली. दुसरं काय करावं हे मला सुचत नव्हतं, आणि हात रिकामे राहिले असते तर मी किंचाळले असते.

काका सव्वातीनला आले. गाडी दारात थांबली तशी मी मागच्या सीटवर त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि भार्गवला खाली उतरायला सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, टेपसुद्धा. ते चष्मा काढून ऐकत होते.

"सहाला दुखत होतं, तर सहालाच का नाही उघडली?"

"तुमची वाट बघत होतो."

"मी असं कधी म्हणालो होतो, हेमांगी? माझ्याशिवाय पट्टी सोडायची नाही, असं?"

मी आठवायला लागले. पहिल्या शिबिरात काका सहज भेटायला आले होते. एका म्हाताऱ्याचा डोळा उघडला, समोर काका होते, तो हात जोडून रडला. ते दृश्य मी शीर्षकगीतात घातलं. पुढच्या शिबिराच्या जाहिरातीसाठी मी रात्री घरी बसून एक ओळ लिहिली: पहिलं दर्शन काकांचं. लोकांना आवडली म्हणून तिसऱ्या शिबिरात ती फलकावर गेली, चौथ्यात डॉक्टरांच्या वेळापत्रकात. काका काही म्हणाले नव्हते. नको असंही म्हणाले नव्हते. पण ज्या ओळीसाठी प्रयागबाई पट्टी दाबून बसल्या, ती माझी होती.

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही नव्हता म्हणालात."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "डोळा वाचेल?"

"तस्नीमचा फोन आला होता. कठीण आहे म्हणतात."

"सगळा खर्च आपला. तिच्या सुनेला आजच तिकडे पोचवा." मग माझ्या हातावर हात ठेवून ते म्हणाले, "तिला टेपचं सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस. डोळा गेला तर गेला, त्यावर विश्वासही नको काढून घेऊ तिचा. म्हाताऱ्या माणसाला रोज सकाळी उठायला काहीतरी लागतं गं."

ते मनापासून बोलत होते. त्यांच्या डोळ्यात पाणी होतं, आणि गाडीत कॅमेरा नव्हता.  ते उतरले, हॉलमध्ये गेले आणि चाळीस पट्ट्या सोडल्या. चाळीसही जणांना दिसलं. तो भाग छान झाला, असं सगळे म्हणाले. पुढच्या शिबिरापासून पट्ट्या डॉक्टर सोडू लागले, ते काकांनीच लावून दिलं. मला ते नंतर सुहासकडून कळलं, कारण तोवर मी 'उजेडवाट' सोडली होती.

पण त्याआधी, आठव्या दिवशी, मी औरंगाबादच्या दवाखान्यात गेले. डोळा काढावा लागला होता. सून चहा आणायला खाली गेली होती. प्रयागबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी नाव सांगितलं तशा वळल्या.

"काका लई रागावले का गं माझ्यावर?"

"का रागावतील?"

"येवढे आले, हात धरला माझा. आन् मी त्याहिला तोंडावर म्हनलं, तुमी दिसनात म्हणून."

मी सबंध रस्ताभर काकांचं वाक्य घोकत आले होते. सांगू नकोस, विश्वास काढून घेऊ नकोस.  सुनेच्या चपलांचा आवाज येतो का, म्हणून मी दाराकडे बघितलं. आला असता तर बरं झालं असतं.

"आजी, ते काका नव्हते."

"आं?"

"काका तेव्हा मुंबईत होते. तो आवाज जुन्या टेपवरचा होता. हात आमच्या कॅमेरावाल्याचे. आणि पट्टी डॉक्टरबाईंनी सोडली. त्या सकाळी सहालाच सोडणार होत्या. मी त्यांना थांबवलं."

"तू?"

"मी. शूटिंगसाठी."

 मी शिव्या येतील म्हणून वाट बघत होते, शिव्या चालल्या असत्या. त्यांनी विचारलं, "सहाला सोडली आसती तर?"

"कदाचित वाचला असता. नक्की कुणीच सांगत नाही."

"म्हंजी माझा इस्वास कमी न्हवता पडला?"

"नाही आजी. तुमचं काहीच कमी पडलं नव्हतं."

त्यांनी सुस्कारा सोडला, इतका लांब की शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघायला लागली. "आठ दिस झाले, मी पाप हुडकायले माझं," त्या म्हणाल्या. "सासूला एकदा उपाशी ठेवलं व्हतं, ते आठवलं. बहिणीचं लुगडं दडवलं व्हतं, ते आठवलं. रात्र रात्र हुडकायले. सुनेला सुदिक इचारलं, माझं कुठं चुकलं ते सांग म्हणून."

मी रडायला लागले. त्यांनी मला थांब म्हटलं नाही आणि जवळही घेतलं नाही. माझं आवरेपर्यंत त्या थांबल्या.

"ह्या दुसऱ्या डोळ्याचं व्हईल का गं आप्रेशन?"

"होईल. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिन्यांनी."

"पट्टी कोण सोडंल?"

"डॉक्टर."

"कवा?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी. वेळ झाली की लगेच."

"कुणाची वाट बघायची न्हाई ना?"

"कुणाचीच नाही."

त्यांनी उशाशी चाचपडून पदर सारखा केला. "मंग घाल माझं नाव," त्या म्हणाल्या. "पण तू तिथं येऊ नको, बाई."

मी नाव घालून आले. दिवाळीनंतर ऑपरेशन झालं, सकाळी सातला पट्टी सुटली आणि प्रयागबाईंना दिसलं, असं तस्नीमने मला पत्रात कळवलं. मी गेले नव्हते.